येताना तीन तास

“हां बेटा, बोल. सुटलं का विमान?”

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावरून अभिमन नाना फोन कानाला लावतच उठले. बसून फोनवर बोलायची सवयच त्यांना नव्हती. तेहतीस वर्षं जळगावच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढलेली, त्यातली निम्मी फोन उचलून उभ्याउभ्या उत्तरं देण्यात गेलेली.

“नाना, आत्ता दारं बंद करताहेत,” पलीकडून हेमांगी बोलत होती. तिच्या मागे कुणीतरी बाई इंग्रजीत पट्टे बांधायला सांगत होती. “फार उशीर झाला हो. आई कशी आहे?”

“आहे. रात्रभर तळमळली. आत्ता कुठे डोळा लागलाय.”

“उठवता का तिला? एकच मिनिट बोलते. तीच म्हणाली होती ना, फोन आला की माझ्याकडे द्या म्हणून?”

नानांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा पन्नास. विमानाची वेळ सहा चाळीसची होती, हे तिने कालच कळवलं होतं. म्हणजे दहा मिनिटं. दहा मिनिटांना एसटीत कुणी उशीर म्हणत नाही, त्याला वेळेवर सुटणं म्हणतात. पोरगी उगाच घाबरली होती.

“आता नको उठवायला,” नाना म्हणाले. “बिचारीला झोपू दे जरा. उतरलीस की लगेच फोन कर, मग काय बोलायचं ते बोला मायलेकी.”

“बरं. उतरल्या उतरल्या करते. नाना, तिला सांगा की...”

आणि फोन बंद झाला. नानांनी तो खिशात ठेवला, बोटांवर तास मोजले आणि त्यांना बरं वाटलं. चार दिवसांत पहिल्यांदा काहीतरी त्यांच्या हिशेबात बसत होतं.

रात्रपाळीची सिस्टर ज्योती हातात औषधांचा ट्रे घेऊन बाहेर आली. नानांनी तिला थांबवून बातमी दिली. “सिस्टर, मुलगी बसली विमानात. नऊ पन्नासला मुंबईत.”

“इतक्या लवकर? तुमची मुलगी सिंगापूरला ना काका?”

“जाताना आठ तास लागतात. येताना तीनच.”

ज्योतीने भुवया उंचावल्या. “फ्लाइट नंबर आहे का? द्या, मोबाइलवर बघते. विमान आत्ता कुठंय, कधी पोचणार, सगळं दिसतं त्यात.”

“नंबर कशाला लागतो?” नाना जरा फणकाऱ्यानेच म्हणाले. “गाडी कधी सुटली ते कळलं की कधी पोचणार ते कळतं.”

ज्योती हसली आणि निघून गेली. आठ वाजता तिची पाळी संपली आणि ती घरी गेली.

आता हे तीन तासांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं, कारण ते नानांच्या घरात नऊ वर्षं नांदत होतं.

हेमांगी ही नानांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांपूर्वी ती सिंगापूरला एका जहाज कंपनीच्या ऑफिसात कामाला लागली. पहिल्यांदा निघाली तेव्हा नानांनी तिचं तिकीट मागून घेतलं आणि चष्मा लावून ते वेळापत्रकासारखं वाचलं. मुंबईहून सुटणार रात्री अकरा चाळीसला, सिंगापूरला पोचणार सकाळी सात चाळीसला. आठ तास. परतीचं पाहिलं. सुटणार सकाळी सहा चाळीसला, मुंबईला पोचणार नऊ चाळीसला. तीन तास. अंतर तेच, तीन हजार नऊशे किलोमीटर. दुसऱ्या कुणाला इथे शंका आली असती. नानांना नाही आली, कारण जाण्यायेण्याचा वेळ सारखा नसतो ही त्यांची आयुष्यभराची कमाई होती. कन्नडचा घाट चढायला गाडीला जेवढा वेळ लागतो, तेवढा उतरायला लागत नाही. मग आभाळात काय वेगळं असणार? पृथ्वी फिरते, एकीकडे जाताना आडवी येते, दुसरीकडे येताना मदत करते, असं त्यांनी ठरवून टाकलं. मेहरूण तलावावर सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनाही त्यांनी हे पटवून दिलं. मंडळींत एक निवृत्त मास्तर होते. त्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला.

सिंगापूरचं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असतं, हे नानांना माहीत नव्हतं असं नाही. संध्याकाळी सातला फोन केला की हेमांगी झोपायच्या तयारीत असायची. पण ती गोष्ट फोनची. तिकिटाची गोष्ट वेगळी. एसटीच्या वेळापत्रकात घड्याळ एकच असतं, जळगावच्या फलाटावरचं असो की सुरतच्या. दोन्ही गोष्टी नानांच्या डोक्यात शेजारीशेजारी राहत होत्या आणि नऊ वर्षांत एकदाही त्यांची गाठ पडली नव्हती.

गंमत म्हणजे त्यांचा हिशेब कधी चुकलाही नाही. हेमांगी तिकडच्या वेळेने सांगायची, नाना त्यात तीन मिळवायचे, आणि विमान बरोबर त्या वेळेला मुंबईत उतरायचं. विमानात बसताना ती कधी फोन करत नसे. तेव्हा इकडे भल्या पहाटेचे चार वाजलेले असत, आईनानांची झोपमोड नको म्हणून. त्यामुळे चूक उघडी पडायला कधी संधीच मिळाली नाही.

लताबाईंना, म्हणजे नानांच्या बायकोला, या तीन तासांचा फार आधार होता. त्या धरणगावच्या. बोलणं अजून माहेरचंच. मेहरूणच्या त्यांच्या गल्लीत निम्म्या घरांची पोरं पुण्याला. दुपारी बायका ओट्यावर बसल्या की पुण्याचा विषय निघायचा, आणि लताबाई कांदे निवडता निवडता सांगायच्या, “पुन्यातून येवाले नऊ तास लागतस. मनी हेमी तीन तासमा येस.” मुंबई ते जळगाव हा आठ तासांचा रस्ता त्या यात धरत नसत. तो आपल्याच अंगणातला रस्ता.

तीन वर्षांपूर्वी जेवताना नानांनी हे सगळं खुद्द हेमांगीलाच समजावून सांगितलं. ती हसायला लागली. काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात लताबाई तिच्या ताटात भरीत वाढत म्हणाल्या, “पाह्य ना, येतांना तीनच तास!” त्यांचा चेहरा असा काही फुलला होता की हेमांगीने तोंडातले शब्द भाकरीबरोबर गिळून टाकले.

मग मागच्या दिवाळीत बिनसलं. हेमांगीने तिथे कायमचं राहण्याचा कागद मिळवला होता आणि तो आनंदाने दाखवला होता. “कायमचं म्हंजे?” लताबाईंनी विचारलं. हेमांगीने समजावलं, की येता येईल, जाता येईल, फक्त दर वेळी परवाना मागावा लागणार नाही. पण लताबाईंच्या कानात ‘कायमचं’ एवढंच राहिलं. निघायच्या दिवशी त्या देवघरातून बाहेर आल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, “तू आते उनी काय नि नही उनी काय, सारखंच शे.” हेमांगीने उंबऱ्यातून नमस्कार केला आणि रिक्षात बसली. ती रडत होती, पण तिलाही राग होताच. तीही आईचीच मुलगी.

तेव्हापासून अकरा महिने लताबाईंनी फोन हातात घेतला नव्हता. नाना बोलत असले की बाजूला उभ्या राहायच्या आणि खुणेने प्रश्न विचारायला लावायच्या. जेवली का विचारा, थंडी आहे का विचारा. आणि काल, श्वास पुरेनासा झाल्यावर, मास्क बाजूला करून स्वतःच म्हणाल्या होत्या, “तिना फोन उना का माले द्या. माले बोलनं शे.”

आठच्या सुमाराला त्यांना जाग आली. नाना आत जाऊन पलंगाशी उभे राहिले. फुफ्फुसं कडक होत जाण्याचा आजार दोन वर्षांपासून होता, पण या चार दिवसांत त्याने फारच उचल खाल्ली होती. प्रत्येक शब्दानंतर त्यांना थांबावं लागत होतं.

“उनी का ती?”

“विमानमा बशी गई. नऊ पन्नासले उतरी,” नाना म्हणाले. बायकोशी ते तिच्याच बोलीत बोलत.

“फोन उना व्हता?”

“उना व्हता. तू आतेच जपेल व्हती, म्हनून उठाडं नही.”

लताबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. “मी काय रोज जपस नही का?” त्या म्हणाल्या. मग जरा दम घेऊन, “ऱ्हाऊ द्या. दोन तासनी तर गोट शे.”

नानांना तेव्हा पहिल्यांदा चुटपुट लागली. उठवायला हवं होतं. पण दोन तासांचीच तर गोष्ट होती.

नऊ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर मुस्कान ओसवाल आल्या. वयाने हेमांगीएवढ्याच असतील. त्यांनी यंत्रावरचे आकडे पाहिले, लताबाईंच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं आणि नानांना बाहेर बोलावलं.

“काका, स्पष्ट सांगते. मास्कवर आता भागत नाहीये. घशात नळी घालून मशीनवर घ्यावं लागेल. त्यासाठी झोपेचं औषध देतो आम्ही. मग त्यांना बोलता येणार नाही.”

“किती दिवस?”

डॉक्टरांनी आत यंत्राकडे पाहिलं. “त्यांची फुफ्फुसं पाहता, त्यातून उठून परत बोलतील असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. घरच्यांना भेटायचं, बोलायचं असेल तर आत्ताच.”

“मुलगी आहे ना मॅडम. तिचं विमान नऊ पन्नासला उतरतंय मुंबईत. उतरल्या उतरल्या फोन करणार आहे. एवढं दोन शब्द बोलणं होऊ द्या. मग घाला नळी.”

“नक्की ना वेळ?”

“तेहतीस वर्षं एसटीत काढली मॅडम,” नाना म्हणाले.

डॉक्टरांनी मनगटावर पाहिलं. “दहापर्यंत थांबते. जास्त नाही थांबता येणार. त्यांना फार त्रास होतोय.”

त्रास होत होता, तो दिसत होता. लताबाईंचे खांदे प्रत्येक श्वासाला वर उचलले जात होते. नानांनी त्यांचा हात हातात घेतला आणि दुसऱ्या हातात फोन धरून ठेवला.

नऊ पन्नास झाले.

“उतरनी व्हई आते,” लताबाई म्हणाल्या.

“हां. फोन सुरू करी तवपर्यंत पाच मिनिटं लागतीन.”

पाच मिनिटं गेली. मग नानांनी विमान थांबायला, माणसं उठायला आणखी पाच दिली. गाडी फलाटाला लागली तरी सगळे काही एकदम उतरत नाहीत. दहा वाजले. त्यांनी स्वतःच नंबर लावला. एक बाई मराठीत सांगायला लागली की आपण लावलेला नंबर सध्या बंद आहे. त्यांनी परत लावला. परत तीच बाई.

“कितला वाजनात?”

“दहा व्हयनात.”

“मंग?”

“गर्दी ऱ्हास तठे. येई आते.”

डॉक्टर येऊन दारात उभ्या राहिल्या. नानांनी हात जोडले. डॉक्टरांनी पाच बोटं दाखवली, मग जराशाने आणखी पाच, आणि निघून गेल्या. नानांना एकदम ज्योतीची आठवण झाली. मोबाइलवर विमान दिसतं म्हणाली होती. पण ज्योती घरी गेली होती आणि विमानाचा नंबर तर त्यांनी कधी विचारलाच नव्हता.

काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी फोनमध्ये हेमांगीने बोलून पाठवलेले निरोप शोधले. परवाचा एक सापडला. त्यांनी तो लताबाईंच्या कानाशी धरला. “नाना, आईची जुनी फाइल डॉक्टरांना दाखवलीत का? कपाटात खालच्या कप्प्यात आहे, निळी. आणि तुम्ही जेवून घ्या वेळेवर,” हेमांगीचा आवाज म्हणाला.

लताबाईंनी डोळे मिटून ऐकलं. क्षणभर त्यांच्या तोंडावर काहीतरी हललं. मग त्यांनी मान फिरवली.

“हाई जुनं शे,” त्या म्हणाल्या. “माले आतेनं पायजे.”

दहा वाजून दहा मिनिटं. फोन बंदच.

“उतरी गई,” लताबाई म्हणाल्या. एक श्वास. “तरी फोन करस नही.” आणखी एक. “तिना राग गया नही.”

“तसं नही व. राग कसाना? फोन बंद व्हई. चार्जिंग उतरी गई व्हई.”

“तुमना टाइम कव्हय चुकस नही.”

कव्हय चुकस नही, हे खरंच होतं. हे वाक्य ऐकायला त्यांना आयुष्यभर आवडत आलेलं होतं. त्यांनी मान खाली घातली आणि परत नंबर लावला. त्यांच्याही मनात तेव्हा वाईट विचार येऊन गेला. उतरून वीस मिनिटं झाली, आणि एक फोन करता येत नाही या पोरीला? एवढा कसला मेला राग? असा विचार आला हे त्यांना नंतर कुणाला सांगता आलं नाही.

“ऱ्हाऊ द्या,” लताबाई म्हणाल्या. “नका लावू. तिनी मर्जी.”

सव्वादहाला डॉक्टर आत आल्या, त्यांच्याबरोबर दोन सिस्टर होत्या. त्यांनी नानांना बाहेर जायला सांगितलं. नाना दारापर्यंत गेले आणि मागे वळले. लताबाई छताकडे पाहत होत्या. फोनची वाट पाहणं त्यांनी थांबवलेलं आहे, हे बेचाळीस वर्षं संसार केलेल्या माणसाला कळायला वेळ लागला नाही.

बारा वाजून पंचवीस मिनिटांनी फोन वाजला.

“नाना, उतरले! आत्ताच. अजून दारही उघडलं नाही. द्या आईला.”

नानांच्या तोंडून आधी रागच बाहेर पडला. “आत्ता? अडीच तास कुठे होतीस तू? नऊ पन्नासला उतरलीस आणि फोन आत्ता करतेस?”

“नऊ पन्नास? नाना, आत्ता उतरतेय मी. विमानच सहा चाळीसच्या ऐवजी नऊ वीसला सुटलं.”

“नऊ वीसला कसं? तू फोन केलास तेव्हा इथे सहा पन्नास झाले होते. मी घड्याळ पाहिलं. सहा पन्नास आणि तीन...”

विमानात लोक उठून सामान काढत होते, त्याचे आवाज येत राहिले.

“तीन नाही नाना,” ती अगदी हळू म्हणाली. “साडेपाच तास लागतात. जाताना साडेपाच, येतानाही साडेपाच. तिकिटावर सुटायची वेळ तिथल्या घड्याळाची असते, पोचायची इथल्या.”

नाना बाकावर बसले. डोक्यातला हिशेब कुणी न सांगताच सुरू झाला. आठ आणि तीन अकरा. अकराचे निम्मे साडेपाच. बरोबर येत होतं. शाळेतल्या पोराला जमावं इतकं सोपं होतं आणि नऊ वर्षं ते त्यांच्या समोर होतं.

“मला माहीत होतं नाना, तुम्ही तीन तास धरता ते,” हेमांगी म्हणाली. तिचा आवाज फुटला. “आईला किती बरं वाटायचं ते ऐकून. म्हणून मी कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. आई बोलू शकते ना? नाना?”

नानांनी सांगितलं. नळीचं सांगितलं, औषधाचं सांगितलं, डॉक्टर काय म्हणाल्या तेही सांगितलं.

“माझ्याबद्दल काही म्हणाली?”

“तुझीच वाट पाहत होती.”

बाकीचं त्यांनी सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं, आणि आता ते आयुष्यभर एकट्यानेच सांभाळावं लागणार आहे हेही त्यांना तिथेच कळलं.

“फोन तिच्या कानाशी धरा. मी बोलते.”

सिस्टरने आत सोडलं. लताबाईंच्या तोंडात नळी होती, मशीन त्यांची छाती एका लयीत वरखाली करत होतं. खांद्यांची ती धडपड थांबली होती. नानांनी फोन त्यांच्या कानाला लावून धरला. हेमांगी बोलत होती, बराच वेळ बोलत होती. नानांना त्यातलं नीट ऐकू येत नव्हतं, आणि ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी तोंडही फिरवलं, कारण ते त्यांच्यासाठी नव्हतं. लताबाईंची पापणीसुद्धा हलली नाही.

“ऐकू जातं कधी कधी पेशंटला,” सिस्टर म्हणाली.

नानांनी मान हलवली. ती चांगुलपणाने बोलत होती. तीन तास मागे जाऊन ऐकू गेलं असतं तर त्याचा उपयोग होता.

दुपारी पुतण्या दीपक एमआयडीसीतून आला आणि नानांच्या शेजारी बसून राहिला. हेमांगीने विमानतळावरून गाडी केली होती. मधूनमधून तिचा फोन येत होता. नाशिक आलं. चांदवड आलं. प्रत्येक वेळी ती विचारायची, आई? आणि नाना म्हणायचे, आहे. पुढचं गाव किती वेळात येईल ते तिने विचारलं नाही, नानांनी सांगितलं नाही. तिला ते सांगायची त्यांना आता भीती वाटत होती.

संध्याकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी लताबाई गेल्या. डॉक्टर मुस्कान स्वतः बाहेर आल्या. त्या नानांच्या समोर उकिडव्या बसल्या आणि त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. “काका, दहानंतर मला थांबणं शक्य नव्हतं,” त्या म्हणाल्या.

“तुम्ही थांबलात मॅडम,” नाना म्हणाले. “चूक माझी होती.”

दीपकने फोन करायला घेतले. पहिल्यांदा धरणगावला, मग बाकीच्यांना. मग नानांजवळ येऊन हळूच म्हणाला, “नाना, ताईले आते काही सांगू नका. एकटी शे गाडीमा. घर आल्यावर सांगूत. तिना फोन उना तर म्हना, शे म्हनून.”

नानांनी हो म्हटलं. तेच शहाणपणाचं होतं. वाटेतल्या माणसाला सांगत नाहीत, ही आपल्याकडची रीत.

सात वाजून दहा मिनिटांनी फोन आला. नाना उभे राहिले नाहीत. बसूनच त्यांनी तो उचलला.

“नाना, धुळं आलं,” हेमांगी म्हणाली. रस्त्यावरून ट्रक जात होते, त्यामुळे ती जोरात बोलत होती. “ड्रायव्हर चहाला थांबू का विचारतोय. मी नको म्हटलं. सरळ येतो. पारोळा, एरंडोल, मग पोचलोच. आई?”

दीपक समोरून मानेने खुणावत होता. आहे म्हणा. एकच शब्द होता. दिवसभर नानांनी तो किती वेळा म्हटला होता.

“तू सकाळपासून काही खाल्लंस का?” नानांनी विचारलं.

“विमानात दिलं होतं काहीतरी. भूक नाहीये.”

“ड्रायव्हर पण सकाळचा उपाशी असेल. धुळ्याला थांबा. हायवेवर चांगली हॉटेलं आहेत. त्याला जेवू घाल. तूही दोन घास खा.”

“नको हो नाना. तासभर जाईल त्यात. उशीर होईल.”

“होऊ दे,” नाना म्हणाले.

पलीकडे ड्रायव्हर परत चहाचं विचारत होता.

“होऊ दे उशीर, बेटा. सावकाश या.”

दीपकने डोक्याला हात लावला. नानांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. फोनमध्ये एक ट्रक गेला, मग दुसरा गेला. नाना कान लावून बसले होते. हेमांगी रडली नाही, किंवा रडली असेल तर त्यांना ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने तिचा आवाज आला, तो त्यांच्यासाठी नव्हता. ती ड्रायव्हरला म्हणत होती, “भैया, गाडी बाजूला घ्या.”

गाडी बाजूला झाली. इंजिन बंद झालं. इंडिकेटर मात्र चालू राहिलेला असावा, त्याची टिकटिक फोनमध्ये येत राहिली. तिने फोन बंद केला नाही. नानांनीही केला नाही.